बायपास की गावातला रस्ता? कात्रज ते देहूरोड, एक उजळणी

वारजेकर_जुना | रविवार, रात्री १०:४५

आज संध्याकाळी पुतण्याला सोडायला वाकडला गेलो होतो. वारजे ते वाकड. गूगलबाई निघताना पंचवीस मिनिटं म्हणाली, बावधनपाशी चाळीस म्हणाली आणि बाणेरला गप्पच झाली. सव्वा तास लागला. पोरगं नोकरीसाठी नुकतंच पुण्यात आलंय. राधा चौकाच्या अलीकडे गाडी थिजलेली असताना त्यानं विचारलं, "काका, याला बायपास का म्हणतात? हा नेमकं काय बायपास करतो?"

हसण्यावारी नेलं. पण घरी येऊन जेवलो तरी ते डोक्यातून जाईना, म्हणून हा धागा. विषय मोठा आहे, चुकलो तर दुरुस्त करा.

आमच्या लहानपणी मुंबई-बेंगळुरू महामार्ग, म्हणजे जुना एनएच ४, सरळ गावातून जायचा. देहूरोड, निगडी, चिंचवड, पिंपरी, दापोडी, वाकडेवाडी, शिवाजीनगर, स्वारगेट, मग सातारा रस्त्यानं धनकवडी, कात्रज आणि घाट. घाटाच्या माथ्यावर इंग्रजांच्या वेळचा बोगदा. स्वारगेटला आजोबांबरोबर एसटीची वाट बघत उभं राहिलं की समोरून तमिळ अक्षरांचे ट्रक जायचे आणि मला वाटायचं, मद्रास पर्वतीच्या पलीकडंच असावं.

ही जड वाहनं गावाबाहेर काढायची म्हणून पश्चिमेकडून वळसा घातला. देहूरोडपाशी जुना रस्ता सोडायचा आणि वाकड, बाणेर, बावधन, वारजे, वडगाव, नऱ्हे अशा खेड्यांच्या शिवारातून कात्रजच्या बाजूला उतरायचं. नव्वदच्या दशकातली गोष्ट. तेव्हा रस्ता दुपदरी होता. आमच्या घरापासून पाच मिनिटांवर काम चालू होतं. मुकादम जेवायला गेला की आम्ही डांबराचा रिकामा पिंप उभा करायचो, तोच स्टंप. चेंडू पिंपाला लागला की असा ठण्ण आवाज यायचा की अंपायरची गरज नसायची. रस्ता सुरू झाल्यावरसुद्धा दुपारी दोन ट्रकांच्या मधे एक षटक आरामात व्हायचं. बायको कायनेटिक शिकली ती याच रस्त्यावर, कारण "तिथं कुणी नसतं".

मग ६ जानेवारी १९९९ ला वाजपेयींनी सुवर्ण चतुष्कोणाची पायाभरणी केली. दिल्ली, मुंबई, चेन्नई, कोलकाता जोडणारे ५,८४६ किलोमीटर, आणि मुंबई-चेन्नईच्या बाजूवर आपला बायपास. चौपदरी झाला. कात्रजचा नवा बोगदा आला, बोगद्याच्या अलीकडे दरी पूल आला. त्याच सुमारास, २००२ मध्ये, मुंबई-पुणे द्रुतगती मार्ग पूर्ण सुरू झाला. तो साडेचौऱ्याण्णव किलोमीटरचा सहापदरी रस्ता संपतो कुठं? किवळ्यात. म्हणजे थेट आपल्या बायपासच्या तोंडात. मुंबईहून साताऱ्याकडं जाणारा माणूस घाट चढून झपाझप येतो आणि किवळ्यापासून पुढं वारज्यातल्या भाजीवाल्याच्या टेंपोमागं लागतो.

२०१० मध्ये महामार्गांचे नंबर बदलले आणि एनएच ४ चा ४८ झाला. दिल्ली ते चेन्नई एकच नंबर. आमच्या गल्लीत अजून कुणी ४८ म्हणत नाही. पुढं सहापदरीकरण आलं, त्याचं काय झालं ते तुम्ही रोज बघताच.

दरम्यान शहर काही स्वस्थ बसलं नव्हतं. १९९४ च्या राष्ट्रीय स्पर्धांसाठी बालेवाडीला क्रीडासंकुल झालं तेव्हा "एवढ्या लांब कोण जाणार" म्हणून लोक हसले होते. मग हिंजवडीला आयटी पार्क. मग बाणेर, बावधन, वाकड, आंबेगाव. शहराला वळसा घालायला काढलेल्या रस्त्याच्या दोन्ही अंगांना शहरच येऊन बसलं.

माझं म्हणणं एवढंच आहे. या रस्त्याला आपण दोन नोकऱ्या लावल्यात. दिवसरात्र मद्रासचा कंटेनर न्यायचा, आणि शिवाय आमच्या सोसायटीतल्या जोशीकाकूंना दूध आणायला पलीकडं सोडायचं. लेन कितीही वाढवा, ही दुसरी नोकरी सुटल्याशिवाय पहिली धड होणार नाही. ती सोडवायला सर्व्हिस रोड लागतो आणि तो सलग कुठंच नाही. नदी आली, ओढा आला, टेकडी आली किंवा कुणाचा कोर्टात गेलेला सातबारा आला की सर्व्हिस रोड संपतो आणि सगळे मुकाट महामार्गावर चढतात.

मंडळी, आपापले तुकडे सांगा.

---

पेठेतला_पाहुणा | रविवार, रात्री ११:०२

लेख उत्तम. पण पुणं लकडी पुलाशी संपतं हे आम्ही आधीपासून सांगत होतो. तुम्ही ऐकलं नाहीत, आता भोगा.

---

आयटी_हमाल | रविवार, रात्री ११:२०

पाहुणे, तुम्हाला तुमच्या वाड्यातून दुचाकी बाहेर काढायला जेवढा वेळ लागतो तेवढ्यात मी किवळ्याहून ताथवड्याला येतो. येतो म्हणजे कोविडात यायचो.

काकांनी वरचा रस्ता सांगितला, मी खालचा सांगतो. पुनावळे, ताथवडे, वाकडचा भूमकर चौक इथं महामार्ग भरावावर आहे आणि खालून भुयारी मार्ग आहेत. रोज सकाळी हिंजवडीकडं जाणारी निम्मी दुनिया या बोळांतून जाते. दोन बस समोरासमोर आल्या की एकीला मागं जावं लागतं, आणि मागं जायला जागा नसते. पाऊस पडला की गुडघाभर पाणी. मला कुणी तरी सांगावं, एवढ्या मोठ्या महामार्गाखाली एवढी चिंचोळी भोकं ठेवली कुणी?

अवांतर: भूमकर चौक वाकडला आणि भूमकर पूल नऱ्ह्याला, दोन्ही याच रस्त्यावर. एकदा पिझ्झावाला दुसऱ्या भूमकरला जाऊन उभा राहिला. थंड पिझ्झा आला तो पुढच्या पगाराला.

---

ताथवड्याची_लेक | सोमवार, सकाळी ७:१५

हमालदादा, ती भोकं तुमच्यासाठी नव्हती, आमच्या बैलांसाठी होती.

खरंच सांगते. रस्ता आखला तेव्हा इथं ऊस होता, ज्वारी होती. आमचं वावर मधोमध कापलं गेलं. विहीर राहिली अलीकडं आणि मळा गेला पलीकडं. मोजणीला आलेल्या साहेबाला आजोबांनी एकच विचारलं होतं, "पाणी कसं न्यायचं?" तर म्हणाले, मोरी देऊ, त्यातून बैलगाडी जाईल. ती मोरी म्हणजे ताथवड्याचा भुयारी मार्ग. बैलगाडी, उसाची ट्रॉली, गुरं, एवढं धरून काढलेला. पाण्यासाठी आजोबांनी मोरीच्या भिंतीच्या कडेनं पाइप टाकला होता. तो दर दोन-तीन महिन्यांनी कुणाच्या तरी चाकाखाली फुटायचा आणि आजी सायकलची ट्यूब, काथ्या घेऊन बांधायला जायची. हे मी डोळ्यानं बघितलंय, मी पाइप धरून उभी असायचे.

पुढं पलीकडचा मळा गेला प्लॉटिंगला. एकदा रस्ता झाला की एकराचा भाव बोलायचं लोक सोडून देतात, गुंठ्यावर येतात. आम्हीही विकलं, खोटं कशाला बोलू. आज तिथं अकरा मजली सोसायटी आहे आणि तिच्यातली माणसं आमच्या मोरीत अडकून आम्हाला नावं ठेवतात. २००९ साली गाव पिंपरी-चिंचवड महापालिकेत गेलं, तेव्हा वाटलं मोरी मोठी होईल.

---

आयटी_हमाल | सोमवार, सकाळी ७:३१

ताई, __/\__

मी त्याच अकरा मजल्यांपैकी एकात राहत असेन. आज मोरीत अडकलो की शिव्या नाही देणार. निदान पहिली दहा मिनिटं.

---

डिझेलअण्णा | सोमवार, दुपारी १:१०

जेवणाच्या सुट्टीत लिहितोय. वडिलांच्या तीन गाड्या होत्या, सांगली-भिवंडी लाइन. मी स्वतः सात वर्षं चालवली. आता गॅरेज आहे.

इथं नवले पुलाचा, म्हणजे नऱ्ह्यापाशी उताराच्या पायथ्याशी सारखे अपघात होतात त्या पुलाचा विषय निघणारच, त्याआधी जरा गाडीच्या बाजूनं ऐका. नवा बोगदा सोडला की नवले पुलापर्यंत सात-आठ किलोमीटर उतारच आहे. कात्रजचा जुना घाट वळणावळणाचा, दिसायलाच घाट दिसतो, ड्रायव्हर आपोआप खालच्या गिअरला येतो. हा नवा उतार रुंद, सरळ, गुळगुळीत. घाट वाटतच नाही. तिथंच फसगत आहे.

ट्रकचे ब्रेक हवेवर चालतात. हवा भरणारा कॉम्प्रेसर इंजिनवर फिरतो. उतारावर इंजिन बंद करून गाडी न्यूट्रलला सोडली की कॉम्प्रेसर थांबला. मग प्रत्येक वेळी पाय दाबला की टाकीतली हवा थोडी कमी होते, नवी येत नाही. पॉवर स्टिअरिंग असेल तर तेही जड होतं. आणि इंजिनचा जो अडसर गाडीला असतो तो गेल्यामुळं सगळा भार ब्रेकवर. लायनर तापतात, वरून काचेसारखे गुळगुळीत होतात, मग पाय फळीला टेकला तरी गाडी धरत नाही. लोक म्हणतात ब्रेक फेल. ब्रेक फेल होत नाहीत, केले जातात.

का करतात? डिझेल. काही मालक फेरीचं डिझेल मापून देतात, वाचलं ते ड्रायव्हरचं. गंमत म्हणजे गाडी गिअरमध्ये ठेवून ॲक्सिलरेटरवरचा पाय काढला तर आजच्या इंजिनांत डिझेल जवळजवळ बंदच होतं, चाकंच इंजिन फिरवतात. न्यूट्रलमध्ये इंजिन चालू ठेवलं तर उलट आयडलिंगला डिझेल लागतं. म्हणून मग इंजिनच बंद करतात. माझे वडील एकच सांगायचे, ज्या गिअरात घाट चढशील त्याच गिअरात उतर.

---

नऱ्हेत_राहे | सोमवार, रात्री ९:०५

अण्णा, तुमचं पटलं. पण आम्ही त्या उताराच्या पायथ्याशी राहतो, त्यामुळं दोन शब्द जास्त.

२० नोव्हेंबर २०२२, रविवारची रात्र. आम्ही जेवत होतो. आधी एक आवाज, मग लागोपाठ, जसं कुणी पत्र्याचे डबे जिन्यावरून सोडावेत. खाली गेलो तर पुलावर गाड्याच गाड्या, एकीवर एक कललेल्या. ४८ गाड्यांना धडक असं दुसऱ्या दिवशी पेपरात आलं. इंजिन बंद करून उतार उतरल्याचंच चौकशीत पुढं आलं, तुम्ही म्हणता तसं. रस्त्यावर सांडलेल्या ऑइलवर सोसायटीतली पोरं माती टाकत होती आणि एक बाई आपल्या चेपलेल्या गाडीतून काढलेली लग्नाच्या साडीची पिशवी छातीशी धरून दुभाजकावर बसली होती. तिला मी पाणी दिलं. ती म्हणाली, "साडी नको, फोन शोधा."

त्यानंतर रंबलर, म्हणजे वेग कमी करायला लावणारे खडखडणारे पट्टे आले, फलक आले, कॅमेरे आले, वेगमर्यादा खाली आली. १३ नोव्हेंबर २०२५ ला परत. अवजड गाड्यांच्या मधे कार सापडली, आग लागली, आठ माणसं गेली. त्याबद्दल मी जास्त लिहू शकत नाही.

पण काका म्हणतात ती दुसरी नोकरी इथं नीट दिसते. उतारावरून चाळीस टन येतंय आणि त्याच्यासमोर पुलाशी काय असतं? साताऱ्याच्या गाडीसाठी बॅगा घेऊन उभे असलेले प्रवासी, सहा आसनी, वडापाव, वडगावकडून चढणाऱ्या रिक्षा, कॉलेजची पोरं. ती सगळी महामार्गावर का, तर उभं राहायला दुसरी जागा नाही. आणि नऱ्हे महापालिकेत आलं २०२१ मध्ये. तोवर ग्रामपंचायत, पीएमआरडीए (पुणे महानगर प्रदेश विकास प्राधिकरण), महामार्गवाले, कुणाकडंही गेलं की दुसऱ्याचं दार दाखवायचे. दिवे बंद आहेत म्हणून मी एका कार्यालयात अर्ज दिला, त्यांनी पोच दिली, पोचेवर शिक्का दुसऱ्याच खात्याचा. तो कागद अजून ठेवलाय.

---

पूलवाला | सोमवार, रात्री ११:५०

स्थापत्यवाला आहे, या रस्त्याच्या कामाशी संबंध नाही. काकांच्या 'दोन नोकऱ्या' या शब्दाला आमच्याकडं जरा कोरडं नाव आहे, पण अर्थ तोच.

महामार्गावर सर्वांत जास्त त्रास देते ती गाड्यांची विणकामासारखी आडवीतिडवी. बाणेरला सर्व्हिस रोडवरून चढलेल्याला उजवीकडं जायचंय, आणि उजवीकडून आलेल्याला पुढच्या फाट्यावर डावीकडं उतरायचंय. दोघांना ओलांडापालट करायला अंतर मिळतं जेमतेम. प्रत्येक जण थोडा ब्रेक दाबतो आणि तो ब्रेक मागं मागं सरकत दोन किलोमीटर जातो. मागच्याला वाटतं पुढं अपघात झालाय. पोहोचून बघतो तर काहीच नाही. फाटे जवळजवळ असले की लेन वाढवून हे सुटत नाही, उलट ओलांडायच्या लेन वाढतात.

दुसरं, रस्त्याची क्षमता सर्वांत अरुंद जागेवर ठरते. मधे सहा पदर आणि पुलावर चार असं असेल तर तो रस्ता चारपदरीच.

आता चांदणी चौक, कारण त्यावर कुणीच बोललं नाही, आश्चर्य आहे. जुना पूल मुळशी-बावधनकडून कोथरूड-एनडीएकडं जाणाऱ्यांसाठी महामार्गाच्या डोक्यावरून होता. त्याच्याखाली जेवढी जागा, तेवढाच महामार्ग रुंद होऊ शकत होता. नव्या कामाची पायाभरणी ऑगस्ट २०१७ ला झाली, पण भूसंपादनात वर्षं गेली. मग २०२२ च्या ऑगस्टमध्ये मुख्यमंत्री एकनाथ शिंदे साताऱ्याकडं जाताना स्वतःच तिथं अडकले, लोकांनी गाठून गाऱ्हाणं घातलं, आणि महिना-सव्वा महिन्यात पूल पाडायचं ठरून पाडलासुद्धा. यावर मी काही भाष्य करत नाही.

२ ऑक्टोबरच्या मध्यरात्री एक वाजता. मी बावधनमध्ये मित्राच्या गच्चीवर थर्मास घेऊन बसलो होतो. पुलाला हजाराहून जास्त भोकं पाडून सहाशे किलो स्फोटकं भरलेली, वर जाळी आणि कापड पांघरलेलं, म्हणजे तुकडे उडू नयेत. नोएडाचे जुळे मनोरे पाडणारीच मंडळी. सगळ्यांना वाटलं तसंच काही दिसेल. धप्प असा आवाज, धुळीचा ढग, गच्चीवर टाळ्या. धूळ बसली तर पुलाचा सांगाडा तिथंच! पार वाकलेला, पण उभा. काँक्रीट गेलं, आतली सळई धरून राहिली. मग पोकलेन लावून रात्रभर तोडला, आणि सकाळी आठला सुरू व्हायचा रस्ता दहाच्या पुढं सुरू झाला. शेजारचे एक आजोबा म्हणाले, "नव्वद सालचं काम आहे, असं सहज पडेल होय?" माझ्या धंद्यातल्या माणसाला एवढं ऐकून फार बरं वाटलं.

नवा चौक १२ ऑगस्ट २०२३ ला गडकरींच्या हस्ते सुरू झाला, ८६५ कोटींचं काम. गाड्यांचं काम बरंच सुटलं. पण एवढ्या रॅम्पांमध्ये चालणाऱ्या माणसाचा विचार सर्वांत शेवटी झाला. पहिल्या दिवसापासून लोक पिशव्या घेऊन महामार्ग पळत ओलांडत होते, कारण मुळशीची एसटी एकीकडं आणि बावधनचं घर दुसरीकडं.

---

पेठेतला_पाहुणा | मंगळवार, सकाळी ८:४०

मी एकदा त्या नव्या चौकात कोथरूडला जायला शिरलो, बाहेर पडलो तर समोर पाटी 'मुंबई'. बायको म्हणाली आलोच आहोत तर लोणावळ्याला चिक्की घेऊ. घेतली.

---

मुळशीकर_बंड्या | मंगळवार, सकाळी ९:१२

टोलवर कुणी बोलणार का? आधी रस्ता पूर्ण करा मग टोल घ्या, एवढं साधं...

---

वारजेकर_जुना | मंगळवार, सकाळी ९:३०

बंड्या, शिवापूरच्या टोलनाक्याचा वेगळा धागा काढ, मी पहिला प्रतिसाद देतो. इथं तो विषय आला तर ताथवड्याच्या बैलांचं कुणाला आठवणार नाही.

पूलवाले, पुलाची गोष्ट झकास. ताई, तुमच्या आजीची सायकलची ट्यूब मी कधी विसरणार नाही. आमच्याकडं डुक्कर खिंडीच्या अंगाला असाच एक पाइप होता, कुणाचा ते आज कळलं नाही तरी आठवला.

आता पुढचं विचारतो. रावेत ते नऱ्हे उन्नत मार्ग करायचा, म्हणजे याच रस्त्याच्या डोक्यावर दुसरा रस्ता, असा प्रस्ताव आहे. आणि रस्ते विकास महामंडळाचा रिंग रोड, ११० मीटर रुंद, सगळ्या शहराला वेढा. कशानं फरक पडेल?

---

पूलवाला | मंगळवार, दुपारी १२:०५

उन्नत मार्गानं पहिली नोकरी वेगळी होईल, हे खरं. मद्रासचा कंटेनर वरून, जोशीकाकू खालून. पण दर दोन किलोमीटरला वर चढायला रॅम्प दिले की वरही तेच विणकाम. रॅम्प मागायला कोण येणार? आपणच.

रिंग रोडबद्दल मी आशावादी आहे आणि त्याला कारण आहे. तो सुरुवातीपासून ठरावीक फाट्यांचा, कुठूनही चढता न येणारा असा आखलाय. बायपासला हे संरक्षण कधीच नव्हतं. कडेला हॉटेल काढलं, पत्रा टाकला, डिव्हायडर फोडला की झाला फाटा.

---

ताथवड्याची_लेक | मंगळवार, दुपारी २:२०

पूलवालेदादा, रागावू नका, पण हेच आमच्या आजोबांनाही सांगितलं होतं. गावाबाहेरून जाणार, कुणाला त्रास नाही. रिंग रोडमध्ये आता माझ्या मावशीच्या सासरची जमीन जातेय. रक्कम बरी मिळतेय, तक्रार नाही. पण मोजणी व्हायच्या आधीच तिथल्या कडेच्या गटांचे सौदे झालेत. घेणारे काय ज्वारी पेरायला घेतायत का?

---

पेठेतला_पाहुणा | मंगळवार, दुपारी ३:००

आणि ज्येष्ठांना एक आठवण. १९८७ च्या विकास आराखड्यात शहराच्या आतून एक वर्तुळाकार रस्ता होता, उच्चक्षमता मार्ग म्हणून. एचसीएमटीआर. माझ्या आतेभावाच्या मुंजीत त्यावर चर्चा झाली होती. आता त्या आतेभावाच्या मुलाची मुंज झाली. चर्चा चालू आहे.

---

डिझेलअण्णा | मंगळवार, रात्री ८:१५

रिंग रोड झाला आणि ट्रकला शहरात शिरायचं कारणच राहिलं नाही तर नवले पूल निम्मा सुटेल. पण टोल जास्त आणि अंतर लांब असेल तर मालक गाडी जुन्याच रस्त्यानं पाठवणार. नुसता रस्ता बांधून ट्रक वळत नाही, हिशेब वळवावा लागतो.

आणि एक राहिलं. डोंगर. बोगद्याच्या पलीकडं शिंदेवाडीला २०१३ च्या जूनमध्ये पावसाचं पाणी महामार्गावर लोंढ्यानं आलं आणि मायलेकी वाहून गेल्या. वर टेकडी फोडून बेकायदा सपाटी केली होती, ओढ्याची वाट बुजवली होती. मी त्या वर्षी गाडीवर होतो, दुसऱ्या दिवशी तिथून गेलो. रस्त्यावर चिखल होता आणि चिखलात ट्रकच्या टपाएवढे दगड. रस्ता आला की डोंगरही गुंठ्यावर विकतात. रिंग रोड तर किती टेकड्यांतून जातोय बघा नकाशावर.

---

आयटी_हमाल | मंगळवार, रात्री ९:५५

लाइव्ह अपडेट: ताथवड्याच्या मोरीत आहे. समोर कंपनीची बस, मागं पाण्याचा टँकर, मधे मी. टँकरवाला उतरून दोघांना मागं-पुढं करायला सांगतोय, हातात शिट्टी आहे त्याच्या. म्हणजे रोजचं दिसतंय. भिंतीला एक जुना लोखंडी क्लॅम्प दिसला, गंजलेला, गुडघ्याच्या उंचीवर. ताई, तुमच्या पाइपचा असेल का?

---

ताथवड्याची_लेक | मंगळवार, रात्री १०:०१

देहूरोडच्या बाजूनं शिरताना डावीकडं? असे तीन होते.

---

आयटी_हमाल | मंगळवार, रात्री १०:०४

डावीकडंच. आता दोन आहेत.

---

घाटातलं_धुकं | मंगळवार, रात्री ११:३०

फार दिवसांनी लॉगिन झाले, फक्त विचारायला. उद्या पहाटे आईला घेऊन साताऱ्याला जायचंय, औंधहून निघणार. बायपासनं नवा बोगदा की गावातून कात्रजचा जुना घाट? आईला गाडी लागते.

---

वारजेकर_जुना | मंगळवार, रात्री ११:३८

साडेपाचच्या आत चांदणी चौक ओलांडणार असाल तर बायपास, नवा बोगदा. जुना घाट वळणांचा, आईंना त्रास होईल. आवळासुपारी ठेवा. येताना मात्र रात्र करू नका. आणि परतीला बोगदा संपला की ट्रकच्या पुढं राहू नका, त्याला जाऊ द्या.

---

डिझेलअण्णा | मंगळवार, रात्री ११:४१

अनुमोदन. तिसऱ्या गिअरला या, मागच्याला हॉर्न देऊ दे.